सक्ती पोरावर, पुस्तकावर का नाही?

(‘माध्यमिक शाळेत राष्ट्रीय इतिहास सक्तीचा असावा काय?’ या परिसंवादात केलेलं भाषण. बोललो तसंच दिलंय, थोडं सावरून.)



मी गोदीत ठेक्यावर काम करतो. कविता लिहितो, पण कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून आधी गोदी सांगितली. शिक्षण दहावी. इतिहास-राज्यशास्त्राला चाळीसपैकी एकोणीस मार्क होते. म्हणजे या राष्ट्राच्या इतिहासात मी निम्म्यापर्यंतही पोचलेलो नाही. तरी संयोजकांनी मला इथं उभं केलंय. चूक त्यांची.

माझ्याआधी दोघं बोलले. प्राध्यापकसाहेब म्हणाले, इतिहास सक्तीचा पाहिजे, त्यानं पोरांच्या अंगात देशप्रेम भिनतं. मग आपला एक दोस्त उठला. तो म्हणाला, हा इतिहास शेटजी-भटजींचा नि राजेरजवाड्यांचा, तो आमच्या पोरांच्या डोक्यावर कशाला? फेकून द्या. दोघांनाही टाळ्या पडल्या. मीही दोघांना वाजवल्या. टाळी वाजवायला अक्कल लागत नाही. आता बोलायला उभा राहिलोय तर सांगावं लागेल की मला दोघांचंही पटत नाही.

आधी एक गोष्ट सांगतो. गोदीतली आहे.

१४ एप्रिल १९४४. शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकीन नावाची बोट लागलेली. लढाईचे दिवस. बोटीत चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, कापसाच्या हजारो गाठी, नि वर सोन्याच्या १२४ विटा. कापूस नि स्फोटकं एकाच खणात भरलेली. दुपारी कापसानं पेट घेतला. बंबवाले आले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. बोटी उडाल्या, शेडी उडाल्या, आसपासच्या वस्त्या पेटल्या. हजारो लोक बेघर झाले. लढाई चालू म्हणून सरकारनं बातमी दाबून धरली.

माणसं किती मेली? कोणी आठशे सांगतं, कोणी तेराशे. दोस्तांनो, आठशे नि तेराशे यांच्यात पाचशे माणसांचा फरक आहे. पाचशे म्हणजे आपली आख्खी चाळ. पण सोन्याच्या विटा किती होत्या? १२४. शंभरच्या वर नाही, सव्वाशेला एक कमी, बरोबर १२४. एकेक विट पावणेतेरा किलोच्या आसपास. एक तर दूर एका घराचं छप्पर फोडून आत पडली. पुढं कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या नि हिशेबात जमा होत राहिल्या. गाळात सोनं सापडत होतं नि त्याची नोंद होत होती. गाळात माणसंही होती.

विटा मोजल्या गेल्या नि माणसं का नाही? कोणी मुद्दाम लपवली म्हणून? तेवढंच नाही. त्या काळी बोटीवर माल चढवणारा-उतरवणारा हमाल गोदीच्या रजिस्टरात नव्हताच. सकाळी गेटवर जायचं, टोळीवाला बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. टोळीत कोण, किती, कुठल्या गावचे, हे टोळीवाल्याला ठाऊक. तोच स्फोटात गेला तर त्याच्यासोबत टोळीची यादीही गेली. ज्याचं नाव जिवंतपणी कागदावर नाही, तो मेल्यावर आकड्यात कसा येणार? इतिहासातून माणूस असा गळतो. शाईनं खोडायची गरजच पडत नाही. मुळात लिहिलेलाच नसतो.

माझा पणजा त्या टोळ्यांतला. आजा सांगायचा की त्या दिवशी पणज्यानं खाडा केला होता, कारण त्या दिवशी बाबासाहेबांचा वाढदिवस. चाळीत झेंडा लावायचा होता. म्हणून वाचला. त्याच्या टोळीतले परत आले नाहीत. आज्याचं हे सांगणं खरं की त्यात त्यानं मीठमसाला घातला, मी सांगू शकत नाही. कागद नाही. घरात आहे तो पणज्याचा लोखंडी हूक, गोणीत अडकवायचा. तो भिंतीवर टांगलाय. आमचं दफ्तर तेवढंच.

पुढं १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं, रजिस्टर आलं, नंबर आला. माझा आजा रजिस्टरातला कामगार होता. आजारी पडला तर औषध, म्हातारा झाला तर पेन्शन. मग कंटेनर आले, बराच धंदा खाडीपलीकडं न्हावाशेव्याला गेला, बोर्ड १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आणि मी? मी ठेकेदाराच्या वहीत आहे. पणज्याचं नाव टोळीवाल्याच्या डोक्यात, आज्याचं रजिस्टरात, माझं परत दुसऱ्याच्या वहीत. तीन पिढ्यांत आम्ही गोल फिरून गेटवर आलो. हा राष्ट्रीय इतिहास नाही तर काय आहे? लोखंड, डाळ, साखर, या राष्ट्राचं सगळं आमच्या पाठीवरून आत आलंय नि बाहेर गेलंय.

आता शाळेकडं येतो.

आमच्या वर्गात हा स्फोट कोणी शिकवला नाही. शाळेच्या गच्चीवरून गोदीच्या क्रेन दिसायच्या. महाड शिकवलं. कसं शिकवलं ते सांगतो. सरांनी धड्याचं पान उघडलं नि म्हणाले, ‘हे घरी वाचा, परीक्षेला दोन मार्कांना येतं.’ नि वर्गातली सगळी पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. दोस्तांनो, ज्या दिवशी आमच्या बापजाद्यांनी मान वर केली, त्या दिवसाचा धडा नि मी मान खाली घालून बसलेलो. दोन मार्क मात्र मिळाले. तारीख पाठ होती, २० मार्च १९२७.

महाडचं सगळं मला शाळा सुटल्यावर कळलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच पास झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं होतं. कागदावर. तीन वर्षं कोणी त्या कागदातून ओंजळभर पाणी पिऊ शकलं नाही. माणसं चालत गेली तेव्हा ते तळं सार्वजनिक झालं. मग परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या. मग १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. मग कोर्ट. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, हायकोर्टात. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं! आमच्या सरांच्या महाडात पाणी होतं, शेण नव्हतं. सत्याग्रह होता, लाठ्या नव्हत्या. आम्ही पाणी प्यालो हे पोरांना कळलं. पाजायला नाही कोण म्हणत होतं, हे कळलंच नाही.

म्हणून प्राध्यापकसाहेबांना माझं म्हणणं आहे की देशप्रेमासाठी इतिहास नको. प्रेम सक्तीनं होत नाही, झालं तर त्याला दुसरं नाव आहे. हिशेबासाठी इतिहास पाहिजे. कोणी काय केलं, कोणाला काय केलं, कोणाच्या अंगावर किती बाकी आहे. घरात वाटणी होते तेव्हा कागद बघतात की नाही? तसा.

आणि आता माझ्या दोस्ताला. तू म्हणतोस फेकून द्या, सक्ती काढा. सक्ती काढली तर काय होईल ते बघ. ते बघायला लांब जायला नको. अकरावीला सक्ती निघतेच. सायन्सवाला इतिहास सोडतो, कॉमर्सवाला सोडतो. आर्ट्सला कोण जातं? माझ्या वस्तीतली पोरंच जास्त, कारण तिथं फी कमी. म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, मॅनेजर होणारा पोरगा आयुष्यात शेवटचा इतिहास वाचतो पंधराव्या वर्षी, दोन मार्कांसाठी. नि त्याच्या हाताखाली काम करणारा तो जगत असतो.

गेल्या चौदा एप्रिलची गोष्ट. राज्याला सुट्टी, पण ठेक्यावरच्याला कसली सुट्टी? गेला तर दिवस गेला. मी सुपरवायझरकडं अर्धा दिवस मागायला गेलो. त्याच्या छातीवर फायर सर्व्हिसचा छोटा झेंडा टाचलेला. व्हिक्टोरिया डॉकाच्या आगीत बंबखान्याचे ६६ जवान मेले, त्यांच्यासाठी दर वर्षी १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात. पाळलाच पाहिजे. आगीकडं पाठ न फिरवणाऱ्या माणसांना माझा सलाम आहे. सुपरवायझरला हे ६६ ठाऊक होते. मी म्हटलं, ‘साहेब, त्या दिवशी हमाल किती मेले?’ तो म्हणाला, ‘हमालांचं काय?’ मी म्हटलं, ‘आज आमच्या बाबासाहेबांची जयंती आहे.’ तो म्हणाला, ‘अरे, तुमचं दर वर्षी असतं.’ शिव्या दिल्या नाहीत. माणूस वाईट नाही. चहा पाजतो. त्याला ठाऊकच नाही की १४ एप्रिल १९४४ ला या देशाच्या सरकारात मजूर खात्याचा सदस्य होता डॉ. आंबेडकर. १९४२ ते ४६ या काळात खाणीतला, गिरणीतला, गोदीतला मजूर त्यांच्या टेबलावरचा विषय होता. एकाच तारखेला जयंती, आग, जवान, हमाल. त्याच्या छातीवर एकच झेंडा होता.

आता सांग दोस्ता, सक्ती काढून कोणाचं भलं होणार? तुझा पोरगा बाबासाहेब घरात शिकेल. आई शिकवील, जयंतीतलं गाणं शिकवील, उपाशी पोट शिकवील. ज्याच्या घरात हे कोणी शिकवणार नाही त्याच्यासाठी शाळा पाहिजे. इतिहासाची सक्ती आपल्या पोरांसाठी नाही, ती त्या सुपरवायझरच्या पोरासाठी पाहिजे.

आणि सक्ती या शब्दाला एवढं भिऊ नका. तो शब्द आपल्या दुश्मनाचा नाही. जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. शाळेचं दार आपल्याला सक्तीनंच उघडलंय, कोणाच्या प्रेमानं नाही.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार ही की सक्ती एकतर्फी आहे. पोरावर सक्ती आहे, पुस्तकावर नाही. पोरानं धडा गाळला तर नापास. पुस्तकानं धडा गाळला तर?

२०१९ साली एन.सी.ई.आर.टी.नं नववीच्या इतिहासातून तीन धडे काढले. एक शेतकऱ्यांवर, एक क्रिकेटवर, एक कपड्यांवर. कपड्यांवरच्या धड्यात त्रावणकोरच्या नाडार बायकांची हकीकत होती. त्यांनी छाती झाकायची नाही असा वरच्या जातींचा दंडक होता. बायका झाकायला लागल्या तर त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले. वर्षानुवर्षं त्या लढल्या, तेव्हा १८५९ साली दरबारला जाहीरनामा काढावा लागला. हा धडा का काढला? तर पोरांवरचं ओझं कमी करायला.

ओझं! ओझं म्हणजे काय ते मला विचारा. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चालताना कळतं. त्या बायकांच्या अंगावर एक कापडाचा तुकडा होता, त्याचं वजन किती? ते या देशाच्या पोरांना पेलत नाही? नि सम्राटांच्या वंशावळी पेलतात? पुढं २०२३ साली बारावीतून मोगल दरबारचा धडा गेला, कारण तेच. आज त्यांचा जातो म्हणून कोणी खूश होऊ नका. कात्री एकदा हातात आली की ती कोणाचा कपडा आहे हे बघत नाही. आधी बायकांचा लागला होता, विसरू नका.

मी आंधळाही नाही. आमच्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात ‘वंचितांचा इतिहास’ असा एक तुकडा आहे. त्यात जोतीबांची ‘गुलामगिरी’ आहे, बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या पोरांना हे मिळालं नव्हतं, ते आपल्या लोकांनी झगडून मिळवलंय, फुकट आलेलं नाही. पण बघा, तोही एक खण झाला. राष्ट्राचा इतिहास इकडं, वंचितांचा त्या कोपऱ्यात. गावात राजवाडा गावाबाहेर, पुस्तकात राजवाडा धड्याच्या शेवटी. परीक्षेत प्रश्न येतो, ‘टीपा लिहा.’ हजारो वर्षांचं जगणं, त्याची टीप लिहा! दोन मार्क.

मुंबईच्या गिरण्यांचा धडा घ्या. गिरणी कधी निघाली, किती चात्या, कोण शेट, सगळं शिकवा. पण त्याच धड्यात, त्याच परिच्छेदात हेही आलं पाहिजे की साचेखात्यात जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्याला जागा नव्हती, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा नि सवर्ण कामगाराला आमचं उष्टं चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल टाकला. हे कामगार चळवळीच्या इतिहासातून वेगळं काढून ‘वंचित’ खणात टाकता येत नाही. तो धागाच तसा आहे, ओढलात तर आख्खं कापड उसवतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. इतिहास सक्तीचा करा. दहावीलाच थांबू नका, बारावीपर्यंत न्या, सायन्सला न्या, कॉमर्सला न्या. पण पोराबरोबर पुस्तकालाही सक्ती लावा. काही काढलं तर काय काढलं, का काढलं, कोणी सांगितलं, हे त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापा. गोदीशेजारच्या शाळेत गोदीचा इतिहास, साखर कारखान्याच्या शाळेत ऊसतोडणीवाल्याचा, धरणाखालच्या शाळेत उठवलेल्या गावाचा शिकवा. नि परीक्षेत एक तरी प्रश्न असा टाका ज्याचं उत्तर गाइडात नाही, घरी जाऊन आज्याला विचारावं लागेल. सवर्ण पोरानंही विचारावं. ‘आजोबा, आपल्या विहिरीवर कोण येऊ शकत नव्हतं?’ त्या दिवशी त्या घरात जी शांतता पसरेल ना, तिथून या देशाचा इतिहास सुरू होईल.

हे सरकार देईल म्हणून वाट बघत बसू नका. तळं ठरावानं खुलं झालं नव्हतं, चालत जावं लागलं. पुस्तकाचंही तसंच आहे.

मुक्ता साळवे आठवा. जोतीबा-सावित्रीच्या शाळेतली मांगाची पोर, वय चौदा. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्यात तिनं लिहिलं की इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरायचे. तिला कोणी मार्क देणार नव्हतं. सक्ती नव्हती. शाळा शिकून तिनं पहिलं काय केलं? पायात पुरलेली माणसं वर काढली. मोठमोठे वाडे बघणारे पुष्कळ होते, पाया बघितला त्या पोरीनं.

आपल्या वस्तीत रजिस्टरवाले म्हातारे गोदी कामगार अजून आहेत. दर पावसाळ्याला एकदोन कमी होतात. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यात आवाज भरता येतो. आज्याला विचारायचं राहून गेलं, आज्या गेला, म्हणून पणज्याच्या टोळीतल्या एकाचंही नाव मला आज सांगता येत नाही. हा माझा गुन्हा आहे, कुठल्या सरकारचा नाही. तुम्ही तो करू नका. नावं लिहून घ्या. बापाचं नाव, गावाचं नाव, टोळीवाल्याचं नाव, कुठल्या बोटीवर होता, कुठल्या नळावर पाणी प्यायचा. वह्या भरा. त्या वह्या घेऊन शाळेत जा नि सरांना सांगा, हा धडा घरी वाचायचा नाही, इथं वाचायचा. मोठ्यानं. पोरं वळून बघतील. बघू द्या. या वेळी मान वर ठेवा.

१२४ विटा त्यांनी मोजल्या. माणसं आपण मोजायची.

जयभीम.